प्रवासात भरणारी वही सोलापुरात आलं की कोरी का राहते?

रेघोटी

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापुरात राहते, एका होलसेल दुकानाचे हिशेब बघते. शाळेत असताना एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही दिल्या, त्यानंतर पंधरा वर्षं चित्राला हात लावला नाही. तीन वर्षांपूर्वी आम्ही विजापूरला गेलो होतो. बाकीचे फोटो काढत होते तोवर मी इब्राहिम रोजासमोर बसून एक मिनार काढला. वाकडा आला, पण ते पान उघडलं की तिथलं ऊन अजून अंगावर येतं. तेव्हापासून बाहेरगावी निघाले की स्केचबुक पिशवीत असतंच.

अडचण परत आल्यावरची आहे. बाहेर दोन दिवसांत दहा पानं भरतात आणि घरी आलं की वही कपाटात जाते. परवा चाळत होते. डाव्या पानावर पंढरपूर, चंद्रभागेच्या काठाला लावलेल्या होड्या. उजव्या पानावर थेट नळदुर्ग. या दोन पानांमध्ये सात महिने गेलेत. त्या सात महिन्यांत माझी आजी गेली. शेवटचे दोन महिने ती आमच्याकडेच होती, खिडकीजवळच्या कॉटवर. मी रोज तिच्याजवळ बसायचे. त्यातली एक रेघही माझ्याकडे नाही. हे लक्षात आल्यापासून जीव लागत नाहीये.

रोज काय काढायचं, हे मला खरंच कळत नाही. घर, दुकान, रस्ता, सगळं पाठ झालेलं. आणि बाजारात वही उघडली की लोक भोवती जमतात, मग हात थरथरतो. आणखी एक, नळदुर्गला पाणी महालातून समोर कोसळणारं पाणी जेल पेनने काढलं होतं, वरून ब्रश फिरवला तर सगळी शाई निळी होऊन पसरली. पान गेलं. पेन कुठलं वापरता?

कुर्डुवाडीकर

पेनाचं सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील. बहुतेक जेल पेनांची शाई पाण्यात सुटते. पिगमेंट शाईचं वॉटरप्रूफ फाइनलायनर घ्या, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. तरी वहीच्या शेवटच्या पानावर एक रेघ मारा, दोन मिनिटं थांबा आणि ओलं बोट फिरवून बघा. साधं बॉलपेन तेलकट शाईचं असतं, ते सहसा पसरत नाही. फक्त उन्हात ठेवलं तर काही वर्षांत फिकं पडतं. वही मिटलेली असते, त्यामुळे मला काळजी नाही.

मी दर आठवड्याला हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जातो. खिडकीबाहेरचं काढायचा हट्ट सोडून दिला, ते हातात येण्याआधीच मागे पळतं. आता झोपलेली माणसं काढतो. सकाळच्या गाडीत अर्धा डबा झोपलेला असतो आणि झोपेत प्रत्येकाची मान वेगळीच कलते. चेहरा काढत नाही, फक्त मान, खांदा, मांडीवरची पिशवी. दौंडपर्यंत चार-पाच होतात.

धोटा

ताई, तुमचं आजीचं वाचलं आणि लिहायला बसलो. थोडं लांबेल.

मी पूर्व भागातला. चादरीच्या कारखान्यांसाठी नक्षी काढण्यात बत्तीस वर्षं गेली. ग्राफ पेपरवर एकेक चौकोन भरायचा. त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची आणि त्या पट्ट्या ओवून जॅकार्डवर, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रावर, चढवायच्या. एका आडव्या धाग्याला एक पट्टी. मोराच्या मानेत एक चौकोन चुकला तर तो मोर प्रत्येक चादरीवर तशीच मोडकी मान घेऊन येणार. त्या कामाने माझा हात पक्का झाला, पण भेदरला. कोऱ्या कागदावर चौकोन नसले की मला रेघ कुठून सुरू करायची तेच कळेना. पुढे नक्ष्या कॉम्प्युटरवर व्हायला लागल्या, माझं काम कमी झालं. सकाळी वेळच वेळ होता, म्हणून शंभर पानी शाळेची वही घेऊन सिद्धेश्वर तळ्यावर जाऊन बसायला लागलो.

रोज एकाच जागी बसायचो. तुम्ही म्हणता ना, सगळं पाठ झालंय? मलाही तसंच वाटत होतं. साठ वर्षं बघितलेलं तळं ते. पण काढायला बसलो तेव्हा समजलं की मला फक्त त्याचं नाव पाठ होतं. उजळ भिंत पाण्यात जराशी मळकट दिसते आणि काळा दगड पाण्यात थोडा उजळतो, हे मला दुसऱ्या महिन्यात दिसलं. मे महिन्यात पाणी उतरतं तेव्हा दगडावर हिरवट पट्टा मागे राहतो, त्याखाली दुसरा पुसट पट्टा, आदल्या आठवड्याचा. वारा सुटला की आधी देवळाच्या प्रतिबिंबाचं टोक मोडतं. एका वहीत तळ्याची चाळीस पानं आहेत माझ्याकडे. शेजारचे विचारतात, तेच तेच काय काढता? त्यांना मी वैशाखातलं आणि श्रावणातलं पान शेजारी शेजारी धरून दाखवतो.

तेव्हा माझं सांगणं एवढंच, की प्रवासाची वही आणि घरची वही अशा दोन करू नका. बाहेरगावी दोन मिनिटांत जे जमतं ते घरच्या सरावावर जमतं. आणि रोजची वेळ एखाद्या ठरलेल्या कामाला बांधून टाका. मी चहा गाळला की तो निवेपर्यंत काढतो. चहा पिण्याजोगा झाला की पेन खाली, चित्र अर्धं असलं तरी. कोपऱ्यात तारीख आणि एक ओळ लिहितो: आज माग बंद होते, लाइट नव्हती, असलं काहीही. पाच वर्षांनी ती ओळ चित्राइतकीच बोलते.

काय काढायचं? तुमच्या घरात कडक भाकरीची चवड असेल. खिडकीतून बाजूचा उजेड पडू द्या आणि बघा. एकही भाकरी सपाट नसते. कडा वर वळलेल्या, पोटाला फुगा येऊन करपलेले डाग, आणि दोन भाकऱ्यांमध्ये राहिलेली काळी फट. ती फट आधी काढा, भाकऱ्या आपोआप उभ्या राहतात. मला हे कळायला सात दिवस आणि सात पानं लागली.

लोक जमतात त्याचं. पाठ भिंतीला लावून बसा, म्हणजे मागून कुणी डोकावत नाही. आधी तराजू, पाट्या, मालाचे ढीग काढा, माणूस सगळ्यात शेवटी. तोवर त्यांना तुमची सवय होते. मंगळवार बाजारात मिरचीवाल्या एका अक्कांनी मला विचारलं, "काय काढूलालाव ओ?" मी वही पुढे केली. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "ढीग बरोबर आलाय. पदर नीट घेऊ द्या, मग मला काढा." तेव्हापासून मी आधी वही दाखवतो. ज्यांना नको असतं ते मान हलवतात, मग मी नुसती मिरची काढतो. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत मात्र उभ्यानेच काढावं लागतं. नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतली ती उंच सजवलेली काठी, आला की आधी एकच उभी रेघ ओढून घ्या, तो किती कललाय तेवढीच. मग पांढऱ्या बाराबंदी अंगरख्यातली माणसं त्या रेघेला तोलून धरल्यासारखी काढा. सगळी गंमत त्या तोलात आहे. साज, गर्दी घरी येऊन आठवणीने भरता येते.

आजीचं. तिची एखादी रोजच्या हातातली वस्तू घरात असेल. ती काढा. एकदा काढून थांबू नका.

माळरान

धोटा काकांशी सहमत, सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरचा माझाही हाच अनुभव. 1979 मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं तिथे. आता माळढोक दिसणं फार दुर्मिळ झालंय आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण त्यामुळे माळ रिकामा आहे असं समजून कुणी परत फिरू नये. काळवीट आहेत, चंडोल आहेत, धाविक पक्षी आहे. धाविक चार पावलं पळतो, थबकतो, वाकून काहीतरी टिपतो, परत पळतो. पूर्ण पक्षी काढायला गेलात तर काहीच हाती लागणार नाही. एका पानावर पाच-सहा अर्धे पक्षी सुरू करा: एक पळणारा, एक वाकलेला, एक ताठ. तो फिरून त्याच ढबीत येतोच. आला की त्या अर्ध्या चित्रावर जाऊन पुढची रेघ मारायची. काळवीटांच्या कळपालाही हीच युक्ती लागू पडते.

रंग नेणार असाल तर सकाळी आठच्या आत उरका. आपल्याकडे मार्चनंतर वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा हात, कागदावर टेकतो न टेकतो तोच वाळतो आणि कडा तशाच उमटतात. मी तळहाताएवढी वही नेतो, जाड कागदाची, 300 जीएसएमची, म्हणजे एका दमात आभाळ भरून होतं. वाळलेल्या गवताला यलो ऑकर, त्यात अगदी थेंबभर जांभळा. नुसता पिवळा माळावर खोटा दिसतो. आणि पायजमा जाड घाला, कुसळं फार आहेत.

रेघोटी

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, आधी करून बघायचं होतं.

काका, आजीचा अडकित्ता सापडला. पितळी दांडे, लोखंडी पातं. तिच्या पानाच्या डब्यातच होता, खाली सुपारीचा चुरा तसाच. रोज रात्री हिशेबाची वही मिटली की तो काढते. अकरा झाले. पहिल्या चारमध्ये दोन्ही दांडे सारखे काढले होते. पाचव्या दिवशी दिसलं की उजवा दांडा अंगठ्याच्या जागी झिजलेला आहे, नक्षी पार गुळगुळीत झालीय, आणि डाव्यावरची वेल अजून हाताला लागते. मी तिथे अंगठा ठेवून बघितला. माझा थोडा बाहेर येतो. आजीचे हात लहान होते, हे मी विसरून गेले होते.

बॉलपेनने बरे येतात. आता एक रंगात करायचाय. पितळ कसं आणू? पिवळा लावला की प्लास्टिकसारखं दिसतं.

धोटा

पितळेला पिवळ्यापेक्षा काळोख जास्त लागतो, ताई. जिथे चमक आहे तिथे कागद कोरा सोडा, अगदी बारीक. बाकी सगळीकडे यलो ऑकर पातळ. ते वाळलं की बर्न्ट सिएनामध्ये अल्ट्रामरीन मिसळून गडद करा आणि तो रंग चमकेच्या थेट शेजारी लावा, मध्ये पायरी न ठेवता. झिजलेल्या जागी मात्र कडा मऊ ठेवा, ओल्या ब्रशने. पात्याला तेच दोन रंग, निळा जास्त.

आणि डब्यातली एखादी कातरलेली सुपारी शेजारी ठेवा. तिच्या आतल्या पांढऱ्या-तांबड्या रेषा बॉलपेननेच काढा, ब्रशने येणार नाहीत.