प्रतिसाद: प्लेग्रुपमधून नाव काढताना

प्रश्न असा होता: नवी मुंबईत घणसोलीच्या प्लेग्रुपला वर्षाची फी आगाऊ भरली, तिसऱ्या महिन्यात मूल काढलं, आणि पावतीवर 'फी परत मिळणार नाही' छापलंय, तर पैसे मिळतील का? छापलं म्हणजे विषय संपला असं नाही. करार कायदा १८७२ चं कलम ७४ बघा: करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी वाजवी भरपाईपुरतंच मागता येतं.

आधी पावत्या वेगळ्या करा. प्रवेश शुल्क सुटणं कठीण, त्यावर शक्ती घालवू नका. अनामत मात्र पूर्ण मागा, आणि न वापरलेल्या महिन्यांची फी नोटीस पीरियड वजा करून. ७२,००० वार्षिक, ३ महिने वापरले, १ महिना नोटीस: ४८,००० मागायचे.

बहुतेकांचं घोडं इथेच अडतं: टीचरला गेटवर तोंडी सांगतात आणि मूल पाठवणं बंद करतात. मग नोटीस मिळालीच नाही म्हणायला शाळा मोकळी. ईमेल करा, शिवाय पोचपावतीसह स्पीडपोस्ट, शेवटचा दिवस तारखेनिशी. पुढच्या तारखांचे चेक दिले असतील तर ते लेखी परत मागा. नुसतं बँकेला सांगून स्टॉप पेमेंट केलंत तर चेक न वटल्याबद्दल कलम १३८ ची (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) नोटीस येऊ शकते.

पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर १९१५ वर (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन) तक्रार, नंतर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत २ वर्षं. कुठल्या जिल्ह्याचा आयोग ते बघा: ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात, खारघर-कामोठे रायगडात. 'शिक्षण ही सेवा नाही' हा बचाव शाळा हमखास घेते, त्यामुळे वकिलाला आधी तेच विचारा. या प्रश्नावर आधी कुणी पोलिसांत जा असंही सुचवलंय. हा दिवाणी वाद आहे, तिथे हेलपाटेच होतील.