एआयआधी आयटम मास्टर उघडा

मागणीचा अंदाज बांधणारं एआय घ्यायचंय, पण आपली पुरवठा साखळी त्यासाठी तयार आहे का, असा प्रश्न पडलाय? सल्लागारांच्या प्रश्नावल्या तूर्त बाजूला ठेवा आणि ईआरपीतला (कंपनीचे व्यवहार नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला) आयटम मास्टर, म्हणजे प्रत्येक मालाची मूळ माहिती असलेली यादी, उघडा. एकाच बेअरिंगला तीन कोड, सगळ्या पुरवठादारांचा लीड टाइम, म्हणजे ऑर्डरपासून माल हाती येईपर्यंतचा वेळ, सरसकट 30 दिवस (सुरुवातीला कुणीतरी भरला, नंतर कुणी हातच लावला नाही), असं दिसलं तर थांबा.

‘टार्गेट’ या अमेरिकी दुकानसाखळीनं 2013 मध्ये कॅनडात दुकानं उघडली, तेव्हा घाईघाईत मालाची मापं चुकीची भरली गेली. कुठे सेंटिमीटरऐवजी इंच, कुठे लांबी-रुंदीची अदलाबदल. गोदामं तुडुंब, दुकानातले रॅक रिकामे. 2015 मध्ये 133 दुकानं बंद करून गाशा गुंडाळला. कारणं इतरही होती म्हणा. पण अशा डेटावर एआय बसवलं असतं, तर चुकीच्या ऑर्डरी फक्त जास्त वेगानं सुटल्या असत्या.

आणि एक विचारून बघा: माल नव्हता म्हणून परत गेलेली ऑर्डर तुमच्याकडे कुठे नोंदवतात? बऱ्याचदा ती सेल्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवरच राहते. मग मशीन नुसती विक्री बघतं आणि जो माल संपला होता, त्याला मागणीच नाही असं धरून चालतं.