'यमुनापर्यटन'चा शेवट कोणाला पचतो?

केळेवाडीकर:
बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (1857) दादरच्या आमच्या वाचनकट्ट्यावर चर्चेला होती. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून मान सगळेच देतात, वाचतो मात्र जो तो आपल्या देव्हाऱ्यासमोर बसून. यमुना-विनायक गावोगाव फिरतात, विधवांचे हाल बघतात, इथवर एकमत. पुढे विनायक मरतो, विधवा यमुना बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती तरुणाशी लग्न करते, आणि कट्ट्यावर दोन तट पडले. माझ्या मते हा शेवट म्हणजे मागून डकवलेली जाहिरात. विधवाविवाहाचा कायदा 1856 लाच झाला होता. मग तिला हिंदू राहून लग्न का करू दिलं नाही?

भायखळ्याची एस्तेर:
कायदा झाला की लग्नं लागतात? सुधारक विष्णुशास्त्री पंडितांनी 1869 मध्ये याच मुंबईत पुनर्विवाह लावून दिला, तर वाळीत टाकलं लोकांना. त्याच्या बारा वर्षं आधी यमुनेनं भटजी आणायचा कुठून? पदमनजी स्वतः 1854 मध्ये ख्रिस्ती झालेले. जगले तेच लिहिलं. माझी आजी शेवटाला डोळे पुसायची. संतचरित्रात कोणी विठ्ठलचरणी लीन झालं की तुम्हाला जाहिरात आठवत नाही ती!

केळेवाडीकर:
आठवत नाही, कारण तिथे दुसऱ्याचा देव खोटा ठरवायचा अट्टाहास नसतो. इथे सरळ हिशेब आहे: हिंदू तोवर दुःखी, ख्रिस्ती झाली की सुखी.

परळचा नास्तिक:
मी उपदेशाची पानं उलटून पुढे गेलो, खरं सांगतो. पण तुम्ही दोघंही एकाच बाईबद्दल भांडताय. उपशीर्षकात 'हिंदुस्थानांतील विधवा' आहेत ना? आमच्या पणजीचा पाट लागला होता, म्हणजे विधवा झाल्यावर दुसरं लग्न. कोणी केस काढले नाहीत की कोपऱ्यात बसवलं नाही. कित्येक जातींत ही रीत होतीच. पाद्री असो की सुधारक, दोघांच्या डोळ्यांसमोर सोवळ्यातली विधवा. त्यावर बोला की जरा.

गोराईकर:
कॉलेजात मॅडम मला म्हणाल्या, "हे तुमच्या लोकांचं पुस्तक." कसलं आमचं? आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडचे मूळचे ख्रिस्ती, आणि कॅथलिक; पदमनजी प्रॉटेस्टंट. मराठीतला ख्रिस्त म्हटलं की मला फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' आठवतं, 1616 चं, ओव्यांमधलं. त्याच्यापुढे यमुनेचा शेवट मला कोरडा ठक्क वाटला. एस्तेरताई, रागावू नका.

भायखळ्याची एस्तेर:
रागावत नाही. पाटाचा मुद्दा मान्य, पदमनजींच्या नजरेतून ते सुटलंय. पण केळेवाडीकर, शेवट काढून टाका आणि यमुनेला ठेवा सासरी. केशवपन करून, चुलीपाशी. मग कादंबरी निखळ होते का तुमच्या लेखी?

केळेवाडीकर:
शेवट काढा कुठे म्हटलं मी? राहू दे. वर्गात शिकवताना 'पहिली कादंबरी' सांगता तसं 'धर्मप्रचाराची कादंबरी' हेही सांगा, एवढंच.

परळचा नास्तिक:
सांगा की. आणि पाटाचंही सांगा.