मदत हवी आहे: पुराबद्दल आमदार-खासदारांना लिहायचंय, पण नेमकं कुणाला आणि काय?

जयंतीकाठची

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात शाहूपुरीत, कुंभार गल्लीला लागून राहते. 2019 आणि 2021 चा पूर इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. आमच्याकडं पाणी पंचगंगा नदीवरून थेट येत नाही, जयंती नाल्यातनं उलटं चढत येतं. राजाराम बंधाऱ्यावर नदीची पातळी 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 म्हणजे धोका, हे आमच्यात शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे.

जुलै-ऑगस्ट हा गणपतीच्या मूर्तींचा हंगाम. शाडूची मूर्ती अर्धवट ओली असताना हलवली की मनगटापाशी नाहीतर सोंडेला तडा जातो, आणि खाली ठेवली तर सकाळी नुसता चिखल. म्हणून फळीवर मूर्ती, पुढं एक, मागं एक, आणि तिसरा सोंडेखाली हात धरून जिना चढणार. पातळी चाळिशीच्या पुढं गेली की गल्लीत रात्रभर हेच चालतं.

आम्ही गल्लीतल्या काही जणांनी गट केलाय. मागच्या पावसाळ्यानंतर दोन पानी निवेदन तयार केलं. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची वाढवू नये, शिरोली पुलाजवळचा महामार्गाचा भराव काढून पिलरचा पूल करावा, पूररेषेतली बांधकामं थांबवावीत, नाल्याचा गाळ जूनच्या आत काढावा, मूर्तिकारांच्या नुकसानभरपाईचे निकष बदलावेत, सगळं त्यात आलं. मुख्यमंत्री, पालकमंत्री, खासदार, आमदार, जिल्हाधिकारी, आयुक्त अशा सगळ्यांना प्रती दिल्या. फोटो निघाले, पेपरात दोन ओळी आल्या. पुढं शांतता. एका कार्यालयातनं उत्तर आलं, "आपले निवेदन पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात येत आहे." कुठल्या विभागाकडं, ते नाही. दुसऱ्या एका ठिकाणी पीए म्हणाले, साहेबांच्या कानावर घातलंय.

माझे प्रश्न असे आहेत. कुठला विषय कुणाकडं न्यायचा? आमचा विषय सभागृहात मांडला जावा यासाठी आमदाराकडं नक्की काय मागायचं? नगरसेवक आता परत आलेत, पण प्रभागात चौघे, त्यातल्या कुणाला धरायचं? आणि गटात सगळ्या पक्षांची माणसं आहेत. एकाकडं गेलो की "हे त्यांचे" असा शिक्का बसतो, तो कसा टाळायचा? राजकारणात पडायचं नाहीये कुणालाच. पुढच्या पावसाळ्याआधी काहीतरी हलावं एवढंच.

पेठेतला_गडी

ताई, निवेदनं देऊन काय होत न्हाई. शहरातला टोल कसा गेला इथनं? कागदानं गेला व्हय? आख्खं कोल्हापूर रस्त्यावर उतरलं तवा गेला. महामार्गावर तावडे हॉटेलला एक दिवस बसा, बघा कसे सगळे पळत येतात.

आवक_जावक

पेठेतल्या दादांचा राग समजतो, पण टोलच्या वेळीही रस्त्यावरच्या माणसांमागं कागद होते. करार वाचून, कामातल्या त्रुटी मोजून बोलणारी माणसं त्या आंदोलनात होती म्हणून समोरच्याला टोलवाटोलवी करता आली नाही.

मी एका आमदारांकडं काही वर्षं स्वीय सहायक होतो, आता त्या कामात नाही. त्यामुळं टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो. सकाळी नऊला कार्यालय उघडलं की बदली, दवाखान्याचं बिल, शाळेचा प्रवेश, लग्नपत्रिका आणि निवेदनं, सगळं एकाच टेबलावर येतं. पाच मागण्या आणि सहा प्रतिलिपी असलेलं पत्र पाहिलं की पीएच्या मनात पहिला विचार येतो, हे बाकीचे पाच जण बघतील. आणि प्रत्येक कार्यालयातला पीए हाच विचार करतो. तुमच्या पत्राचं तेच झालं असणार.

आता विषय वेगळे करा. शिरोलीचा भराव राष्ट्रीय महामार्गावर आहे, म्हणजे केंद्राचा विषय. तो खासदारांचा. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान 15 दिवस आधी द्यावी लागते, शिवाय शून्य प्रहर आणि नियम 377 खाली विषय मांडता येतो. जिल्ह्यात खासदारांच्या अध्यक्षतेखाली केंद्राच्या योजनांचा आढावा घेणाऱ्या 'दिशा' समितीची बैठक होते, तिथं महामार्गाचे अधिकारी समोर बसलेले असतात. माझ्या मते लोकसभेतल्या तीन मिनिटांच्या भाषणापेक्षा ही बैठक जास्त कामाची, कारण तिचं इतिवृत्त निघतं आणि पुढच्या बैठकीत "मागच्या मुद्द्याचं काय झालं" असं विचारता येतं.

पूररेषेचा विषय राज्याचा. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. रेषा जलसंपदा विभाग आखतो, परवानग्या शहरात महापालिका देते आणि आजूबाजूच्या गावांत नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण. म्हणून मोघम "बांधकामं थांबवा" लिहिलं की तिघंही एकमेकांकडं बोट दाखवतात. इथं आमदारांकडं तारांकित प्रश्न मागा. तोही एका वाक्यात बसेल असा: अमुक वर्षापासून निळ्या रेषेच्या आत किती परवानग्या दिल्या, कुणी दिल्या, विनापरवाना किती सापडली, कारवाई किती ठिकाणी झाली. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं, आणि त्या उत्तरासाठी खालच्या कार्यालयांना फायली उघडाव्या लागतात. खरं काम तिथंच होतं. प्रश्न पटलावर येवो न येवो, माहिती गोळा झालेली असते.

तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या कितीतरी आधी दाखल करावे लागतात. पावसाळी अधिवेशन सुरू झाल्यावर गेलात तर आमदार फार तर लक्षवेधी किंवा औचित्याचा मुद्दा, म्हणजे आयत्या वेळी विषय काढायची सूचना, देऊ शकतात, आणि लक्षवेधीला रांग मोठी असते. म्हणून आत्ताच जा.

नाल्याचा गाळ हा निव्वळ महापालिकेचा विषय. त्यासाठी आमदाराकडं गेलात तर ते आयुक्तांना फोन करतील, तुम्हाला बरं वाटेल, आणि पुढच्या वर्षी परत तोच फोन. नोव्हेंबर 2020 ला सभागृहाची मुदत संपल्यापासून पाच वर्षं प्रशासक होते, विचारायला नगरसेवकच नव्हते. आता आहेत. चौघांनाही एकच पत्र द्या, पण प्रत्येकाच्या नावानं स्वतंत्र, आणि चौघांचीही वेगळी पोच घ्या. एकानं सभेत विषय काढला की बाकीच्या तिघांना गप्प बसणं जड जातं. पक्षाच्या शिक्क्यावरही हाच उपाय. सगळ्यांना, एकाच दिवशी, तोच मजकूर.

अलमट्टी तूर्त बाजूला ठेवा.

जयंतीकाठची

मनापासून आभार, इतकं स्पष्ट कुणीच सांगितलं नव्हतं. पण अलमट्टी बाजूला का? गल्लीत सगळ्यात जास्त बोललं जातं ते त्याच्यावरच. तो मुद्दा वगळला तर गटातली अर्धी माणसं नाराज होतील.

आवक_जावक

विषय सोडू नका, पत्र वेगळं करा. आत्ता धरणाची पातळी 519.60 मीटर आहे, कर्नाटकाला 524.256 पर्यंत न्यायची आहे. कृष्णा पाणी तंटा लवादाचा निवाडा 2010 चा, पण सर्वोच्च न्यायालयातल्या वादामुळं तो राजपत्रात यायचाच राहिला. म्हणजे खोऱ्यातली राज्यं, केंद्र आणि न्यायालय, सगळेच त्यात. उंचीचा आपल्या पुरावर किती परिणाम होतो यावर तज्ज्ञांतही एकमत नाही. हा मुद्दा नाल्याच्या गाळाशेजारी लिहिला की वाचणारा म्हणतो, मोठा प्रश्न सुटला की लहान सुटेल. आणि गाळ तसाच राहतो.

अलमट्टीसाठी खासदारांकडं एवढंच मागा: जलशक्ती मंत्रालयाला लेखी प्रश्न, की पावसाळ्यात दोन राज्यांत विसर्गाच्या माहितीची देवाणघेवाण कशी होते आणि धरणात कुठल्या तारखेला किती पातळी ठेवायची हे कोण ठरवतं. हे विचारायला कुठल्याच पक्षाची अडचण नाही.

पुलाची_शिरोली

मी पुलाच्या पलीकडचा. एक गंमत लक्षात घ्या. आमचं गाव हातकणंगले लोकसभेत, नदी ओलांडली की कोल्हापूर लोकसभा. भराव दोघांच्या मधोमध. इकडच्यांना भेटलं की "तो तिकडचा विषय", तिकडच्यांना भेटलं की "तुमचे खासदार काय म्हणतात?" पाणी आलं की मात्र दोन्ही बाजूंचे ट्रक एकाच रांगेत उभे. 2019 ला आमच्या दारातनं ती रांग लागली होती, ड्रायव्हर लोकांना आम्हीच भाकरी-पिठलं दिलं. तामिळनाडूचा एक ड्रायव्हर पिठल्यावर इतका खूश की डबाच मागून घेतला.

तर दोन्ही खासदारांना एकत्र पत्र द्यावं असं माझं मत.

जिल्हा_कोर्टाजवळ

काही गोष्टींची भर. लोकशाही दिनाला हा विषय घेऊन जाऊ नका. महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, पण तिथं वैयक्तिक तक्रार लागते, सामूहिक निवेदन परत येतं. एखाद्या मूर्तिकाराची भरपाई अडली असेल तर त्याच्या एकट्याच्या नावानं जरूर जा.

तुमच्या गटात पदवीधर असतील आणि नाव नोंदवलेलं असेल तर पुणे पदवीधर मतदारसंघाचे आमदारही तुमचेच. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर असे पाच जिल्हे त्यात येतात. विधान परिषदेतही तारांकित प्रश्न असतात. मागची निवडणूक डिसेंबर 2020 ची, मुदत सहा वर्षांची. यंदा कान जरा जास्त उघडे असतील.

पत्र दिल्यावर आवक क्रमांक आणि शिक्का असलेली प्रत घेतल्याशिवाय उठू नका. "ठेवा, बघतो" म्हणाले तरी हसत हसत शिक्का मागा. पुढं काय झालं ते विचारायला माहिती अधिकार आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप, एकाच विषयाचा अर्ज, 150 शब्दांच्या आत. "अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत" एवढंच मागा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. "का केलं नाही" असं विचारलं की अर्ज निकालात निघतो, कागद मागितला की द्यावा लागतो.

आवक_जावक

बरोबर. आणि सह्यांबद्दल एक आतली गोष्ट. हजार सह्या आणल्या तरी नुसती नावं असतील तर त्यांचं वजन पडत नाही. सहीशेजारी मतदार यादीचा भाग क्रमांक लिहा. तो रकाना दिसला की पीए स्वतः उठून आत जातो, कारण कुठल्या बूथवरची किती माणसं बोलतायत ते लगेच कळतं. दोनशे सह्या पुरतात मग.

भेटायला सकाळी कार्यालयात जा, सर्किट हाउसवरच्या गर्दीत नको. तिथं हार घालणाऱ्यांतच वेळ जातो. तिघांनीच जा, बोलायचं एकानं. जमल्यास मूर्ती करणाऱ्या मावशींना घेऊन जा, आणि त्यांनाच बोलू दे.

मसुदा असा काहीतरी:

"महोदय, आम्ही शाहूपुरी, कुंभार गल्ली परिसरातील मतदार आहोत. 2019 व 2021 च्या पुरात पुणे–बेंगळुरू महामार्ग शिरोली पुलाजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडला. या ठिकाणच्या भरावाऐवजी पिलरवरील पूल करण्याबाबत महामार्ग प्राधिकरणाने अभ्यास केला आहे का, केला असल्यास त्याचा अहवाल व प्रस्तावाची सद्यस्थिती काय, असा प्रश्न आपण येत्या अधिवेशनात विचारावा, तसेच दिशा समितीच्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, ही विनंती. आपण केलेल्या पत्रव्यवहाराची प्रत आम्हास मिळावी."

एवढंच. खाली सह्या. प्रतिलिपी कुणालाही नाही.

पेठेतला_गडी

बरं, मानलं. पण जून उजाडला आणि काय हललं न्हाई तर आमाला हाक मारा.

जयंतीकाठची

हो दादा, नक्की. 😄 उद्या संध्याकाळी गल्लीत बैठक लावतेय. तीन वेगळी पत्रं करतो: महामार्गाचं दोन्ही खासदारांना, पूररेषेचं आमदारांना, गाळाचं चार नगरसेवकांना. अलमट्टीचं चौथं, त्यावरून बैठकीत भांडण होणार हे गृहीत धरलंय. भाग क्रमांक काढायचं काम कॉलेजच्या पोरींना देते, त्यांना फोनवर पटापट सापडतं.

शिरोलीकर दादा, तुमच्या बाजूनं सह्या मिळतील का?

पुलाची_शिरोली

सह्या तर देतोच. त्यापेक्षा ग्रामसभेचा ठरावच करून घेऊ. 1 मेच्या ग्रामसभेत विषय घ्यायचा तर नोटीस निघायच्या आधी ग्रामपंचायतीत अर्ज द्यावा लागेल. महामार्गाचं पत्र तयार झालं की इथंच टाका, मी सरपंचांना दाखवून अर्ज देतो.