गाण्याचा विक्रम ‘तुटला’ म्हणजे नक्की काय तुटलं?

जुना मेनरोड (धागाकर्ता)

मागच्या रविवारी मखमलाबाद रोडला मिसळ खायला गेलो होतो. शेजारच्या टेबलावर कॉलेजची चार मुलं. एकानं मोबाइल पुढे धरला, “बघ, चोवीस तासांत एवढे व्ह्यूज! बिनाकाचे सगळे रेकॉर्ड तुटले.” मला राहवलं नाही. म्हटलं, बाळा, बिनाका गीतमाला म्हणजे रेडिओवरचा हिंदी सिनेगीतांच्या क्रमवारीचा कार्यक्रम, त्यात व्ह्यूज मोजतच नव्हते, मग तुटलं काय? तो म्हणाला, “काका, नंबर वन म्हणजे नंबर वन.” घरी येईपर्यंत ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं: कशाची मोजणी केली ते सांगितल्याशिवाय विक्रम मानू नये. आणि मोजायची पद्धत बदलली की जुनी यादी तिथेच बंद करून नवी सुरू करावी. जुन्या लोकांच्या नावापुढे ‘मोडला’ असं लिहू नये.

ब्रिटनची पहिली गाण्यांची क्रमवारी १४ नोव्हेंबर १९५२ ला छापून आली. एका संगीत साप्ताहिकातल्या माणसानं वीसेक दुकानांना फोन करून खप विचारला आणि यादी केली. त्यानंतर १९ दिवसांनी, ३ डिसेंबर १९५२ ला, रेडिओ सिलोनवर आपली गीतमाला सुरू झाली. त्या वेळचे माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली होती, म्हणून लोकांचे कान सिलोनकडे वळले. दर बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सायानींचा आवाज. सुरुवातीला सात गाणी नुसती वाजवायची आणि श्रोत्यांनी त्यांचा क्रम ओळखायचा, अशी स्पर्धा होती. पायदान, म्हणजे गाण्याचा क्रमांक, नंतर आलं. तेव्हा दुकानांतला खप, श्रोता संघांचा कौल आणि पत्रं असं सगळं मिळून क्रम लागायचा.

आता अमेरिकेचं बघा. एप्रिल १९६४ मध्ये बीटल्सची पाच गाणी तिथल्या क्रमवारीत पहिल्या पाच जागांवर होती. लोकांनी एकेक तबकडी पैसे मोजून घेतली होती. २०२२ साली टेलर स्विफ्टनं पहिल्या दहाही जागा घेतल्या. पण १९९८ पर्यंत तिथे नियम असा होता की जे गाणं सिंगल म्हणून वेगळं विक्रीला आलेलं नाही, ते यादीत येणारच नाही. आज अल्बम आला की त्यातलं प्रत्येक गाणं स्ट्रीमिंगवर मोजलं जातं. हे दोन विक्रम एका ओळीत कसे लावायचे?

मार्च २०१७ मध्ये ब्रिटनच्या पहिल्या वीसपैकी सोळा गाणी एकट्या एड शीरनची होती. त्याच वर्षी जुलैपासून नियम आला की एका मुख्य कलाकाराची तीनच गाणी यादीत धरायची. म्हणजे हा विक्रम आता मोडताच येत नाही. नियम होता तसा राहिला असता, तर मोडणारा कदाचित एव्हाना आलाही असता.

आमचं मेनरोडला रेडिओ दुरुस्तीचं आणि कॅसेटचं दुकान होतं. ऐंशीच्या दशकात लोक चिठ्ठी घेऊन यायचे, साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये एवढी गाणी भरून द्या म्हणून. वडील चिठ्ठी तारेच्या आकड्याला टोचून ठेवायचे आणि रात्री दुकान बंद करून गाणी भरत बसायचे. त्या चिठ्ठ्यांमध्ये भीमगीतं होती, गवळणी होत्या, कव्वाल्या होत्या. ती गाणी कुठल्या कंपनीच्या खपात धरली गेली नाहीत. नाशिकनं खरं काय ऐकलं ते त्या आकड्यावर लटकत होतं.

ढोलवाला पंचवटी

काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मुद्दा पटला नाही. पद्धत तर सगळीकडेच बदलते. गावसकरांची कसोटीत ३४ शतकं होती, सचिननं ५१ केली. मधल्या काळात हेल्मेट आलं, बॅट बदलल्या. म्हणून काय सचिनची यादी वेगळी ठेवायची का?

आणि एक सांगतो. माझी बँजो पार्टी आहे, लग्नाच्या आणि हळदीच्या सुपाऱ्या घेतो. गीतमालेत मराठी गाणं कधी वाजलं का? नाही, ती हिंदी सिनेमाच्या गाण्यांची होती. म्हणजे तुमच्या त्या मानाच्या यादीत आम्ही मोजलेच गेलो नव्हतो. आज जळगाव जिल्ह्यातला संजू राठोड ‘गुलाबी साडी’ करतो, २०२४ साली ते गाणं सगळा देश नाचवतं, आणि त्याचा आकडा हिंदी-पंजाबी गाण्यांच्या शेजारी त्याच मोजपट्टीवर दिसतो. कोणाच्या फोनची, दुकानदाराच्या मेहेरबानीची गरज पडली नाही. हा विक्रम मला जास्त खरा वाटतो. तुम्ही वेगळी यादी म्हणता तेव्हा मला तर वेगळी पंगत ऐकू येते.

जुना मेनरोड

ढोलवाले दादा, पंगतीचं मनाला लागलं. तसं म्हणायचं नव्हतं.

पण क्रिकेटचं उदाहरण जुळत नाही. गावसकरांची धाव आणि सचिनची धाव एकच होती, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पळायचं. इथे धावच बदलली आहे. अमेरिकेत २०१८ साली ठरलं की पैसे भरून ऐकणाऱ्यांचे १,२५० स्ट्रीम किंवा फुकट ऐकणाऱ्यांचे ३,७५० स्ट्रीम म्हणजे एक अल्बम विकला गेला असं धरायचं. हे १,२५० कुठून आले? कोणीतरी बसून ठरवले. २०२६ च्या सुरुवातीला ते बदललेही. असा दुसरा आकडा ठरवला की सगळ्यांचे क्रम हलतात.

संदर्भवेडा

धागाकर्त्याशी सहमत, आणि याचं आपल्या घरातलं उदाहरण राहून गेलं. गिनीज बुकाच्या १९७४ च्या आवृत्तीत लता मंगेशकरांची नोंद झाली, १९४८ पासून किमान २५,००० ध्वनिमुद्रणं. मोहम्मद रफींनी हरकत घेतली, आपली त्याहून जास्त आहेत म्हणाले. वाद बरीच वर्षं चालला आणि १९९१ मध्ये ती नोंदच काढून टाकली. पुढे २०११ मध्ये आशा भोसले यांची नोंद झाली ती ११,००० गाण्यांची, आणि २०१६ मध्ये पी. सुशीला यांची १७,६९५ ची.

आता २५ हजारांचा आकडा जाऊन ११ हजारांचा आला, म्हणजे आशाताई कमी पडल्या का? तर नाही. आधी अंदाज होता, नंतर कागदावरची मोजणी मागितली गेली. लताबाईंच्या गळ्याला त्या २५ हजारांची कधी गरजच नव्हती, पण तो आकडा इतकी वर्षं शाळेच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून फिरला की आजही लोक तोच सांगतात. विक्रमाचं वेड असं आपल्याच थोर माणसांना वादात ओढतं.

सिडकोची मुलगी

मी ढोलवाला दादांच्या बाजूनं.

खपाच्या यादीत फक्त विकत घेणारा माणूस मोजला जायचा. माझ्या आईच्या माहेरी रेडिओ होता, पण तबकडी घ्यायला पैसे कधीच नव्हते. तिनं एक गाणं हजारदा ऐकलं असेल, तरी विक्रीच्या हिशोबात तिची किंमत शून्य. आज ती पोळ्या लाटताना नव्वदच्या दशकातली गाणी लावते आणि तिचं प्रत्येक ऐकणं मोजलं जातं. २०२२ साली यूट्यूबवर जगात सगळ्यात जास्त ऐकला गेलेला आवाज अलका याज्ञिक यांचा होता, १,५३० कोटी वेळा, गिनीजनं नोंद केली आहे. हा आकडा माझ्या आईसारख्या बायकांनी उभा केला आहे.

परदेशातही तेच. केट बुशचं १९८५ चं गाणं एका वेब सिरीजमुळे २०२२ मध्ये ब्रिटनला पहिल्या क्रमांकावर गेलं, ३७ वर्षांनी. फक्त दुकानातला खप मोजत बसले असते तर हे कळलंच नसतं. आधी ‘काय विकलं गेलं’ ते मोजत होते, आता ‘काय ऐकलं जातं’ ते मोजतात. मला दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो.

संदर्भवेडा

@सिडकोची मुलगी, आईंचं ऐकणं खरं आहे. अडचण त्या आकड्यात न ऐकणारे मिसळतात ही आहे. जुलै २०१९ मध्ये बादशाहच्या एका गाण्याला २४ तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचा गाजावाजा झाला, कोरियाच्या बीटीएसला मागे टाकलं म्हणून. त्यातले बरेचसे व्ह्यूज पैसे देऊन लावलेल्या जाहिरातींतून आलेले होते, आणि तेव्हाच्या नियमात ते चालत होतं. यूट्यूबनं तो विक्रम मान्य केला नाही आणि सप्टेंबर २०१९ मध्ये नियम बदलला की जाहिरातीतून आलेले व्ह्यूज २४ तासांच्या विक्रमात धरायचे नाहीत. धागाकर्त्यांना मिसळीच्या टेबलावर जो चोवीस तासांचा आकडा दाखवला, तो यातला कुठला, ते त्या मुलाला सांगता आलं असतं का?

ढोलवाला पंचवटी

हे बरोबर आहे भाऊ, जाहिरातीचे व्ह्यूज धरायलाच नको. पण लबाडी करणारे पूर्वी नव्हते असं नका म्हणू.

उपनगरची मावशी

लबाडीचा विषय निघालाच आहे तर मला बोलावंच लागेल. माझं वय आता ७४. आम्ही नाशिकरोडला चाळीत राहत होतो आणि आमचा सहा मैत्रिणींचा श्रोता संघ होता. खोलीत रेडिओ एकच. बुधवारी साडेसातलाच भांडी उरकून सगळ्या जमायच्या. सिलोन कधी स्वच्छ लागायचं, कधी समुद्राच्या लाटेसारखा आवाज वर-खाली व्हायचा, तेव्हा एक जण एरियलची तार हातात धरून खिडकीत उभी राहायची. वही माझ्याकडे होती. तारीख, पायदान, गाणं, सिनेमा, गायक, सगळं शाईनं लिहिलेलं.

१९६६ साली आम्हाला ‘गाइड’मधलं गाणं वर न्यायचं होतं. मग आम्ही पोस्टकार्डं आणली आणि प्रत्येकीनं तीन-तीन लिहिली, एक उजव्या हातानं, एक डाव्या हातानं, एक धाकट्या भावाकडून. सगळ्या वेगवेगळ्या नावांनी. तेव्हा त्यात काही चुकतंय असं वाटलं नव्हतं, आपल्या गाण्यासाठी करतोय असंच वाटायचं. आता विचार केला की वाटतं, गावोगाव आमच्यासारख्या किती जणी असतील.

तरी वर्षअखेरीस सगळ्यात वर आलं ते ‘सूरज’मधलं ‘बहारों फूल बरसाओ’. मी त्या रात्री जेवले नव्हते. तेव्हा मेनरोडवाले भाऊ, जुनी मोजणी स्वच्छ होती असं माझ्यासमोर म्हणू नका. आणि सिडकोच्या बाळा, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

जुना मेनरोड

मावशी, जुनी मोजणी स्वच्छ होती असं मी कुठेच लिहिलेलं नाही. ती वेगळी होती एवढंच म्हणतो. पण तुमच्या पोस्टकार्डांवरून एक गोष्ट मला नव्यानं दिसली. तेव्हा खोटं मत द्यायलासुद्धा हातानं लिहावं लागत होतं, टपालपेटीपर्यंत चालावं लागत होतं. तुम्ही सहा जणींनी मिळून अठरा कार्डं लिहिली. आज पैसे असले की एका रात्रीत कोटी होतात. त्या अठराला मी लबाडी म्हणायला तयार नाही.

सिडकोच्या ताईंचा मुद्दा मात्र मान्य. विकत न घेणारा ऐकणारा आधी मोजलाच जात नव्हता, हे आमच्या दुकानातल्या चिठ्ठ्यांबद्दल मीच लिहिलं होतं आणि त्याचा पुढचा अर्थ माझ्या लक्षात आला नव्हता. यादी चालू राहू दे. पण प्रत्येक वेळी नियम बदलला की तिथे ठळक रेघ मारा आणि खाली तारीख लिहा. ‘मोडला’ हा शब्द त्या रेघेच्या पलीकडे जाऊ नये, एवढं माझं अजूनही ठाम आहे.

संदर्भवेडा

रेघेला पूर्ण पाठिंबा. त्यात भर घालून विचारतो, मराठी गाण्यांची अशी वर्षानुवर्षं चालत आलेली, नियम जाहीर असलेली क्रमवारी आपण का केली नाही? ‘झिंगाट’ २०१६ मध्ये किती चाललं हे प्रत्येकाला माहीत आहे, पण त्याआधीच्या पन्नास वर्षांत कुठलं मराठी गाणं किती आठवडे लोकांच्या तोंडी राहिलं, हे सांगायला वहीच नाही. मेनरोडवाले, त्या चिठ्ठ्या उरल्यात का?

जुना मेनरोड

चिठ्ठ्या गेल्या. घर बदललं तेव्हा रद्दीत गेल्या, मी त्या वेळी मुंबईला होतो. वडिलांच्या दोन वह्या आहेत, त्यात गिऱ्हाइकाचं नाव, कॅसेट ६० ची की ९० ची, आणि पैसे. गाण्यांची नावं नाहीत.

ढोलवाला पंचवटी

काका, माझ्याकडे आहे काहीतरी. २०२२ पासून मी प्रत्येक सुपारीला आलेल्या फर्माईशी डायरीत लिहितो, पोरांना तालमीत काय बसवायचं ते कळावं म्हणून. हळद, वरात आणि नवरीचं येणं असं वेगवेगळं. नियम साधा आहे, एका लग्नात एक गाणं कितीही वेळा मागितलं तरी एकदाच धरायचं. दारू पिऊन एकच जण दहा वेळा मागतो, त्यानं आकडा फुगायला नको.

हळदीत दर वर्षी वरची गाणी बदलतात. नवरी स्टेजकडे येतानाच्या पानावर मात्र चारही वर्षं एक जुनं गाणं पहिल्या तिनात आहे. मावशी, राग मानू नका, ते ‘बहारों फूल बरसाओ’ आहे.

उपनगरची मावशी

राग कसला. माझ्या मुलीच्या लग्नातही तेच वाजवलं होतं, मीच सांगितलं होतं. ‘गाइड’चं एखादं आहे का रे तुझ्या डायरीत?

ढोलवाला पंचवटी

आत्ताच पानं चाळली मावशी. एकदा आहे, २०२३, ओझरचं लग्न. नवऱ्या मुलाच्या आजोबांनी मागितलं होतं.