ख्रिस्ती शाळेचं जबाबदारी-पत्रक: पालकांची सही कितपत खरी धरायची?

जालना_गणितमास्तर
प्रवेशाच्या वेळी काही ख्रिस्ती शाळा पालकांकडून जबाबदारी-पत्रक भरून घेतात. माझ्या मते ते राहावं, पण एका पानाचं, आणि त्यात तिघांच्याही नावाने कलमं असावीत. पालकांनी रोज डायरी पाहायची आणि मूल गैरहजर राहिलं तर त्याच दिवशी कळवायचं. मुलाने वही स्वतः पूर्ण करायची, नक्कल करायची नाही. शिक्षकाने वही आठ दिवसांत तपासून परत द्यायची. हात उगारायचा नाही, मनाला लागेल असं बोलायचं नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम 17 तेच सांगतं.

तक्रारीचा क्रम मत्तयाच्या शुभवर्तमानात, 18व्या अध्यायाच्या 15 ते 17 वचनांत दिलेला आहे. आधी त्या माणसाशी एकांतात बोला, मग एक-दोन साक्षीदार घेऊन, आणि तरी जमलं नाही तर मंडळीपुढे. शाळेत त्याचा अर्थ विषय-शिक्षक, मग वर्गशिक्षकांसह बैठक, मग मुख्याध्यापक. आज तक्रार आधी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडते. शिक्षकाला ती तिसऱ्याकडून कळते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ते मूलच कोंडीत सापडतं.

बीडची_आई
सर, तुमचं पत्रक जूनमध्ये भरतं आणि दिवाळीनंतर मरतं. आमच्याकडे ऊसतोड सुरू झाली की आई-बाप साखर कारखान्याच्या फडात, मूल आजीपाशी. परत येणं मार्च-एप्रिलमध्ये. डायरीवर आजीचा अंगठा येतो, तिला आत काय लिहिलंय ते वाचता येत नाही. अशा घरावर ‘पालक लक्ष देत नाहीत’ असा शेरा मारणं अन्याय आहे. शाळेला खरंच सोबत हवी असेल, तर निघण्याआधी एका वाचता येणाऱ्या नातेवाइकाचं नाव आणि दोन नंबर घ्या. मजूर नेणाऱ्या मुकादमाचा नंबर घेऊ नका, त्याचं सगळं गणित उचलीशी, म्हणजे मजुरांना आधीच दिलेल्या पैशांशी, बांधलेलं असतं. आठवड्याचा निरोप रविवारी संध्याकाळी आवाजात पाठवा, लेखी नको. तीन दिवस सलग गैरहजेरी दिसली की चौथ्या दिवसाची वाट न पाहता फोन करा, कारण फडावरच्या कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, गेलेलं मूल लवकर परत येत नाही.

हक्काची_बाजू
मला क्रमालाच हरकत आहे. एकांतात बोला, हे बरोबरीच्या दोघांत चालतं. फी थकलेला बाप शिक्षकासमोर एकटा बसतो, तेव्हा ती बरोबरी नसते. आणि लैंगिक छळाची शंका असेल तिथे हा क्रम लावणं बेकायदा आहे. 2012 च्या पॉक्सो कायद्याचं कलम 19 सांगतं की शंका येताच पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं. कलम 21 नुसार न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत. ‘आधी फादरशी बोलू’ यात जाणारा प्रत्येक दिवस मुलाच्या विरोधात जातो. 1098 हा नंबर पत्रकाच्या पहिल्याच ओळीत हवा.

जालना_गणितमास्तर
ते कलम क्रमाच्या बाहेर, ठळक अक्षरांत हवं, यावर वादच नाही. पण गुण, गृहपाठ, रागावणं यांसाठी क्रम सोडू नये. पालक एकटे नकोत तर शेजारचा पालक साक्षीदार म्हणून बसू दे, वचनातही साक्षीदार आहेतच. हाच नियम शिक्षकालाही लागू करा. लाल शाईचा शेरा मुलाच्याच हाती घरी पाठवला की मूल पान फाडतं किंवा डायरी हरवते. आधी फोन, मग शेरा. गृहपाठही मापात हवा: 2020 च्या दप्तर धोरणात तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास दिलेत. फी या पत्रकात आणूच नका, तिच्यासाठी महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्यात पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती आहे.

परिपाठाचा_प्रश्न
आणखी एक. ‘शाळेचे सर्व नियम मान्य’ या ओळीत बायबल वर्गाची संमती दडवू नका. राज्यघटनेचं कलम 28(3) सांगतं की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सामील व्हायला लावायचं तर पालकाची संमती हवी. कलम 30 ने शाळा चालवण्याचा हक्क अल्पसंख्याकांना दिलाय, पण म्हणून ही संमती गृहीत धरता येत नाही. स्वतंत्र चौकट, स्वतंत्र सही. ‘नाही’ लिहिणाऱ्याच्या मुलाला त्या तासाला ग्रंथालयात बसवा, व्हरांड्यात नको.

बीडची_आई
चौकट करा, पण सही जूनची एकटी पुरणार नाही. दुसरी सही दसऱ्याआधीच्या पालकसभेत घ्या. ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी आई-बाप गावात असतात, तेव्हाच आजीला आणि त्या नातेवाइकाला बोलवून पत्रक मोठ्याने वाचून दाखवा.