फॉर्मात 'गुरू' म्हणून कोणाचं नाव टाकू? (तातडीने मदत हवी आहे)

जस्ताची_पाटी
मंडळी, पटकन सांगा. फॉर्म जवळजवळ भरून झालाय, एका जागी अडलेय. सध्याच्या गुरूचं आणि आधीच्या गुरूचं सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र हवंय, किमान पाच वर्षं शिकल्याचं. गाणाऱ्या-नाचणाऱ्यांचं ठीक आहे, त्यांचे गुरू ठरलेले असतात. आमच्याकडे दर वर्षी सर बदलले, निम्मे तासिका तत्त्वावरचे. ज्यांच्याकडून खरं काही शिकले ते रिटायर होऊन गावी गेले, फोन उचलत नाहीत. एचओडींची (विभागप्रमुखांची) सही चालेल का? शिवाय पुढे कोणाकडे शिकणार तेही लिहायचंय. लवकर कळवा, सायबर कॅफेवाला रोज विचारतोय.

वाकडी_रेघ
कुठला फॉर्म? वय काय? डिप्लोमा की डिग्री? पेंटिंग, शिल्प, काय? एवढं तरी लिहा, इथे कोणी ज्योतिषी बसलेला नाही.

सदू_पेंटर
फॉर्मबिर्म सोडा. ए.टी.डी., कलाशिक्षकाचा डिप्लोमा, करून ठेवा. माझ्या बॅचचे जे शाळेत चिकटले त्यांचे फ्लॅट झाले. जे 'आर्टिस्ट' झाले ते अजून गणपतीच्या सीझनची वाट बघतात.

वाकडी_रेघ
सदूभाऊ, कलाशिक्षकाची भरती शेवटची कधी पाहिलीत? ए.टी.डी. झालेली पोरं आमच्या गावात फ्लेक्स डिझाइन करतायत.

मोगरा
माझी मुलगी आठवीत आहे. एलिमेंटरीला बी ग्रेड मिळाली. स्थिरचित्रात सावली नीट येत नाही. कोथरूडमध्ये चांगला क्लास आहे का?

जस्ताची_पाटी
जी.डी. आर्ट (डिप्लोमा), प्रिंटमेकिंग. एचिंग करते, म्हणजे धातूच्या पत्र्यावर ॲसिडने कोरून त्याची छापचित्रं. चोवीस पूर्ण. योजना केंद्राची, महिना पाच हजारवाली. आता तरी सांगा.

ओला_कागद
म्हणजे संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती, सीसीआरटी ही सरकारी संस्था बघते ती. वय १८ ते २५. महिना ५,००० रुपये, दोन वर्षं, सहामाही चार हप्त्यांत. तुमचं वय काठावर आहे. ते कुठल्या तारखेला मोजायचं हे यंदाच्या जाहिरातीत वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

आता गुरूचं. तिथे 'गुरू किंवा संस्था' असं असतं. योजना सगळ्या कलांना एकच आहे, त्यामुळे भाषा संगीत-नृत्याच्या वळणाची झालीय. कॉलेजच्या लेटरहेडवर एचओडी किंवा प्राचार्यांची सही, शिक्का, जावक क्रमांक घ्या. मजकूर तुम्हीच तयार करून न्या. त्यांना लिहायला सांगितलंत तर 'सदर विद्यार्थिनीची वर्तणूक चांगली आहे' एवढंच हातात पडेल. कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कुठलं माध्यम, हे यायला हवं. फाउंडेशनचं (पायाभूत) पहिलं वर्ष धरायला विसरू नका, पाच त्याने भरतात. रिटायर सरांना फोन करत बसू नका, गावी जाऊन भेटा. त्यांच्या पिढीच्या माणसाला दारात आलेली विद्यार्थिनी नाकारता येत नाही.

हिशेबनीस
पाच हजारांत होतं काय? जस्ताचा पत्रा, नायट्रिक, शाई, चांगला कागद, रूमचं भाडं. त्यातून हप्ता सहा महिन्यांनी. तोवर उधारी कोण देणार? त्यापेक्षा थेट ज्युनियर फेलोशिप घ्या, महिना १०,००० आहे.

ओला_कागद
ती २५ ते ४० वयाला आहे, चाळिशीपुढे सीनियर, २०,०००. आणि ती शिकायला नसते, तिला संशोधनाचा प्रकल्प मांडावा लागतो, सहा-सहा महिन्यांनी अहवाल द्यावा लागतो. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पोरीला गोंधळात टाकू नका.

उशिरा_सुरू
मला या वयाच्या अटींचाच राग आहे. लग्न, मूल, घर यातून बाई ब्रशकडे परत येते तेव्हा ती 'तरुण' राहिलेली नसते. चित्रकार गायतोंड्यांना रॉकफेलर फंडाची फेलोशिप १९६४ मध्ये मिळाली, जन्म १९२४ चा. चाळिशीत न्यूयॉर्कला गेले. मग?

हिशेबनीस
गायतोंडे तेव्हा नवखे नव्हते हो. नवख्यांच्या योजनेला वयाची अट नाही घातली तर तीन एकल प्रदर्शनं झालेले रांगेत पुढे उभे राहतील.

उशिरा_सुरू
मग प्रदर्शनं मोजा ना, वय कशाला मोजता?

इतिहासाचा_किडा
आपल्याकडे छापचित्रांना आश्रय कधी नव्हता असं नाही. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, शेवटी श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. घराघरांत लक्ष्मी-सरस्वती गेल्या त्या तिथूनच. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींबद्दलही लिहिता येईल.

ओला_कागद
ती दगडावरची छपाई, लिथो. एचिंगशी संबंध नाही. आणि तो धंदा होता, आश्रय कसला. औंधचा वेगळा धागा काढा, मी येईन वाचायला.

जस्ताची_पाटी, राहता कुठे आणि सध्या प्रिंट कुठे काढता? 'पुढे कोणाकडे शिकणार' याचं उत्तर त्यावर आहे.

जस्ताची_पाटी
सांगलीजवळ. प्रिंट काढतच नाही, तोच तर प्रॉब्लेम! प्रेस कॉलेजात आहे, पण पास झाल्यावर हात लावू देत नाहीत. दोन प्लेट ॲसिडने चावून (कोरून) तयार आहेत, ॲक्वाटिंटच्या छटांसकट. प्रूफसुद्धा काढता आलेलं नाही.

चमचेवाला
लिनोकट करा, लिनोलियमवर कोरून! प्रेस लागतच नाही. शाई लावली, कागद ठेवला, मागून स्टीलच्या चमच्याने घासलं की झालं. मी वर्षानुवर्षं करतोय.

जस्ताची_पाटी
दादा, एचिंगमध्ये शाई खाचेत असते. चमच्याने ती वर येत नाही.

चमचेवाला
म्हणूनच म्हणतो लिनो करा.

ओला_कागद
तर तुम्हाला पैशाआधी प्रेस हवाय. एचओडींकडे नुसती सही मागू नका. दोन वर्षं याच विभागात, तुमच्या देखरेखीखाली काम करायचंय, शिष्यवृत्ती मिळाली तर साहित्याचा खर्च माझा, असं सांगा. मार्गदर्शक म्हणून त्यांचं नाव कागदावर असलं की प्रेसच्या खोलीची किल्ली मागायला तुम्हाला तोंड राहतं.

नाहीच जमलं तर ललित कला अकादमीच्या चेन्नई, कोलकाता, लखनौ, भुवनेश्वर केंद्रांत आणि दिल्लीत गढीला ग्राफिकचे स्टुडिओ आहेत, प्रवेशाचं तिथे विचारा. दिल्लीतल्या 'खोज' या कलासंस्थेचं 'पीअर्स' हे निवासी शिबिर नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांसाठी असतं. तिथे एक मास्तर डोक्यावर नसतो, बरोबरीची मुलं काही आठवडे एकत्र राहून काम करतात, येणारेजाणारे त्यावर बोलतात. मला विचाराल तर या वयात त्याचा उपयोग गुरूपेक्षा जास्त.

सदू_पेंटर
दिल्लीला जाऊन रोजचं जेवण कोण घालणार? चित्रकार प्रभाकर बरवेसुद्धा बनारसला विणकर सेवा केंद्रात डिझायनरची नोकरी करत होते. नोकरीने चित्रकार मरत नाही.

वाकडी_रेघ
बरव्यांना नोकरीत हातमाग आणि रंग तरी होते. तुम्ही शाळेत हजेरी आणि निवडणुकीची ड्युटी देताय.

ओला_कागद
मुलाखतीला बोलावलं तर मूळ कामं न्यावी लागतात. प्रिंट गुंडाळून नेऊ नका, टेबलावर उलगडताना कोपरे वर येतात आणि दोन्ही हात ते दाबण्यात जातात. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट, मध्ये बटर पेपर. खाली पेन्सिलीने डावीकडे क्रमांक, मध्ये चित्राचं नाव, उजवीकडे सही. पॅनेलवर छापचित्रवाला असेल तर तो आधी प्लेटमार्क (प्लेटच्या कडेचा कागदावरचा ठसा) बघतो, कडा घासल्यात की नाही. चाळीस चित्रं नेऊ नका. एकाच धाग्यातली दहा बास.

मोगरा
कोथरूड नाही तर कर्वेनगरही चालेल.

जस्ताची_पाटी
एचओडी म्हणाले, मजकूर आणा. प्रेसचं काढलं तर नुसतं 'बघू' म्हणाले. साहित्याच्या खर्चाचं सांगितल्यावर मात्र खुर्ची दिली बसायला. सरांकडे रविवारी जातेय. मसुदा मराठीत चालेल का? सुरुवात अशी केलीय: 'सदर विद्यार्थिनी अतिशय होतकरू, मेहनती व गुणी असून तिने छापचित्रणात विशेष प्रावीण्य मिळवले आहे.'

ओला_कागद
इंग्रजीत करा, निवड करणारे देशभरातून येतात. आणि होतकरू, मेहनती, गुणी तिन्ही काढा. त्या जागी लिहा की एचिंग आणि ॲक्वाटिंट अमुक सालापासून शिकली, प्लेट चावण्यापासून आवृत्ती काढण्यापर्यंतचं काम स्वतः करते, आणि पुढची दोन वर्षं विभागाचा प्रेस तिला वापरायला मिळेल. ते शेवटचं वाक्य सहीच्या बरोबर वर येऊ द्या.